पाचशेच्या तिकिटावर मोटार

शहापूरहून किन्हवली-मुरबाडच्या दिशेला निघालं की वाटेत शेणवा लागतं. या पट्ट्यात सार्वजनिक कामाला पैसा उभा करायचे मार्ग सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. वर्गणीचं पावतीपुस्तक फिरतं, मुंबई-ठाण्यात नोकरी करणारी गावची मुलं मोठा आकडा टाकतात, उत्सवात देवापुढच्या वस्तूंचा लिलाव होतो. यांच्या जोडीला आता ‘लकी ड्रॉ’ आला आहे. देवळाचा सभामंडप, शाळेची खोली, गावासाठी रुग्णवाहिका असं काहीतरी चांगलं काम ठरतं आणि तिकिटांची पुस्तकं छापून घ्यायची कल्पना कोणीतरी मांडतं. बक्षीस आधी मिक्सर-टीव्हीचं असायचं, मग मोटरसायकलचं झालं आणि आता चारचाकीपर्यंत बोलणं पोचलं आहे. परदेशातल्या संस्था दिमाखदार स्पोर्ट्‌स कार सोडतीत ठेवतात आणि त्यातून दवाखाने, शाळा चालवतात हे मोबाइलवर सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. मग आपण का नको, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

भारतात कोणत्याही मंडळाला, ट्रस्टला किंवा कंपनीला तिकीट विकून चिठ्ठीवर गाडी देता येत नाही. हेतू कितीही शुद्ध असला तरी तो गुन्हा ठरतो. एवढंच सांगून थांबलं तर तो नुसता धाक होईल. ही बंदी कुठून आली, तिच्यामागचा विचार काय आणि तीच गाडी वापरून तेवढाच किंवा त्याहून जास्त पैसा सरळ मार्गानं कसा उभा राहतो, हे पैसे गोळा करणाऱ्या कार्यकर्त्याला ठाऊक असायला हवं. कारण गावात पायपीट तोच करतो आणि उद्या तक्रार झाली तर नावही त्याचंच येतं.

आधी परदेशातला प्रकार नीट पाहू. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीन गावी कॉर्व्हेट या स्पोर्ट्‌स कारचं संग्रहालय आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत त्याच्या जमिनीखाली खड्डा पडून आठ गाड्या आत गेल्या होत्या, तेच हे संग्रहालय. ते ठरावीक संख्येची तिकिटं काढतं, नवी कॉर्व्हेट सोडतीत ठेवतं आणि त्या पैशावर संस्थेचा खर्च भागवतं. अमेरिकेत बहुतेक राज्यं नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना अशी मुभा देतात. युटा आणि हवाईसारखी राज्यं मात्र देत नाहीत. ब्रिटनमध्ये २००५ च्या जुगार कायद्याखाली संस्थांच्या लॉटरीला परवानगी आहे, पण तिला काटेकोर अट आहे: तिकिटांच्या एकूण विक्रीतले किमान २० टक्के ज्या कामासाठी लॉटरी काढली त्या कामालाच गेले पाहिजेत. ही अट उलट्या बाजूनं वाचून पाहावी. शंभरातले ऐंशी बक्षिसावर आणि खर्चावर गेले तरी तिथला कायदा चालवून घेतो. सोडतीतून दान किती महाग पडतं याचा अंदाज एवढ्यावरून येतो.

आपल्याकडचा हिशेब मांडून पाहू. समजा चाळीस लाखांची स्पोर्ट्‌स कार संस्थेनं विकत घेतली आणि पाचशे रुपयांचं तिकीट ठेवलं. पहिली आठ हजार तिकिटं विकली जाईपर्यंत चांगल्या कामाला एक रुपयाही मिळत नाही, ती नुसती गाडीची किंमत भरून काढतात. छपाई, जाहिरात, विक्रेत्यांचं कमिशन, सोडतीचा मांडव असे तीन लाख धरू. १५,००० तिकिटं खपली तर ७५ लाख जमतात आणि हाती ३२ लाख उरतात. ९,००० खपली तर ४५ लाखांतून उरतात फक्त दोन लाख. ६,००० वरच विक्री थांबली तर संस्था १३ लाखांच्या खड्ड्यात जाते, आणि तारीख जाहीर झालेली असल्यानं गाडी द्यावीच लागते. अशा वेळी सोडत ‘पुढे ढकलली’ जाते. मग आणखी पुढे, आणि शेवटी गावात कुजबुज सुरू होते. फसवायचं कोणाच्याच मनात नसतं, तरी माणसं फसवली गेल्यासारखी होतात. गाडी कोणी दान दिली असेल तर हा धोका टळतो. पण गाडी दानात आली असेल तर ती तिकिटांवर घालवण्यापेक्षा चांगला रस्ता आहे, त्याकडे शेवटी येतो.

तिकीट घेणाऱ्याच्या बाजूनं बघा. १५,००० तिकिटं खपण्याच्या सर्वांत चांगल्या स्थितीतही त्याच्या पाचशेतले सुमारे २६७ रुपये गाडीला, २० रुपये खर्चाला आणि २१३ रुपये कामाला लागतात. दर आठवड्याला अशी एक सोडत झाली आणि माणूस प्रत्येक वेळी एक तिकीट घेत राहिला, तर सरासरीनं एकदा गाडी लागायला २८८ वर्षं जातील. हे माहीत असूनही कोणी आनंदानं तिकीट घेत असेल तर त्यात वावगं काही नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. शेणव्याच्या आसपासच्या पाड्यांवर पाचशे रुपये म्हणजे मजुरीचा एक दिवस किंवा त्याहून जास्त. ‘गावच्या कामासाठी आहे’ म्हणून दारात उभ्या राहिलेल्या ओळखीच्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि गाडीच्या आशेनं एकाऐवजी चार तिकिटं घेतली जातात. ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे, त्याच्या मिळकतीचा सर्वांत मोठा वाटा या मार्गानं जातो. मोठ्या पगाराचा माणूसही पाचशेच देतो आणि वीटभट्टीवरचा मजूरही पाचशेच. वर्गणीत निदान ज्यानं-त्यानं ऐपतीप्रमाणे द्यायची रीत असते.

अर्थात लॉटरीतून मोठी कामं झालीच नाहीत असं म्हणणं इतिहासाला धरून होणार नाही. लंडनचं ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं ते १७५३ च्या लॉटरीवर. तीन पौंडांची एक लाख तिकिटं काढली, तीन लाख पौंड जमले, त्यातले दोन लाख बक्षिसांना गेले आणि खर्च वजा जाता सुमारे ९५ हजार संग्रहालयाला मिळाले. त्या लॉटरीच्या व्यवस्थापकांपैकी पीटर लहीप यानं तिकिटांचे गठ्ठे हाताखालच्यांच्या नावानं अडवून चढ्या भावानं विकले आणि पुढे त्याला दंड झाला. इतकी प्रतिष्ठित लॉटरी, संसदेच्या कायद्यानं काढलेली, तरी तिकिटं कोणाच्या हातात आहेत हा प्रश्न तिलाही चुकला नाही. कलकत्त्याचा टाउन हॉल लॉटरीच्या पैशातून बांधला गेला आणि १८१७ पासून तिथे एक लॉटरी समितीच होती, तिनं शहरातले रस्ते आणि तलाव केले.

मुंबईचं उदाहरण मात्र जास्त शिकवणारं आहे. फोर्टातला टाउन हॉल, म्हणजे आज एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या म्हणून आपण ओळखतो ती इमारत. सर जेम्स मॅकिंटॉश यांनी १८०४ मध्ये लिटररी सोसायटी स्थापन केली आणि तिच्या मंडळींनी ग्रंथालय-संग्रहालयासाठी भव्य वास्तूची कल्पना १८११ च्या सुमारास पुढे आणली. तिच्यासाठी लॉटरीतून दहा हजार रुपये मिळाले. एवढ्यानं काय होणार? काम सुरू व्हायलाच पुढे बरीच वर्षं गेली, ते पैशांअभावी पुन्हापुन्हा थांबलं आणि अखेर सरकारनं कचेऱ्यांना जागा मिळण्याच्या बदल्यात खर्च उचलला, तेव्हा कुठे १८३३ मध्ये इमारत पुरी झाली. लॉटरीचा पैसा एकदाच येतो आणि बांधकाम वर्षानुवर्षं चालतं. गावच्या सभामंडपाचं जोतं झालं आणि भिंती राहिल्या, असं जे दिसतं त्याचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं.

त्याच शतकात सरकारचं मन बदललं. १८४४ च्या कायद्यानं सरकारी परवानगी नसलेल्या लॉटऱ्या बंद झाल्या. १८७० मध्ये भारतीय दंडसंहितेत कलम २९४-अ आलं. राज्याची किंवा राज्यानं अधिकृत केलेली नसलेली लॉटरी काढण्यासाठी जागा चालवणं हा त्यानुसार सहा महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हाच गुन्हा कलम २९७ मध्ये आहे. यातला दुसरा भाग मंडळांनी लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे. तिकीट विकलं नाही, पण ‘अमुक नंबर निघाला तर अमुक वस्तू देऊ’ असा प्रस्ताव नुसता प्रसिद्ध केला, तरी पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नाक्यावरचा फ्लेक्स आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेलं चित्र, दोन्ही प्रसिद्धीच आहे.

घटनेत ‘लॉटरी’ आणि ‘जुगार’ यांच्या जागा वेगळ्या आहेत. केंद्र किंवा राज्य सरकारनं चालवलेली लॉटरी हा केंद्राच्या यादीतला विषय, तर पैज व जुगार हा राज्यांच्या यादीतला. केंद्रानं १९९८ मध्ये लॉटरी नियमनाचा कायदा केला, तो राज्य सरकारांनाच बांधून ठेवतो: तिकिटं राज्यानंच छापायची, सोडत राज्यानंच काढायची, पैसा राज्याच्या खात्यात जमा करायचा, एकेरी आकड्यावर बक्षीस द्यायचं नाही, वर्षात सहापेक्षा जास्त बंपर सोडती नाहीत. सरकारलाच एवढ्या अटी असताना खासगी तिकिटाला जागा कुठून राहणार? आपल्या राज्यात १९५८ चा मुंबई लॉटरी कायदाही आहे. त्यानं स्वतः मोकळीक दिलेले मर्यादित प्रकार सोडले तर तो सगळ्या लॉटऱ्या बेकायदा ठरवतो.

या कायद्याच्या आधीच्या, १९४८ च्या अवतारावरून एक गाजलेला खटला झाला. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या शब्दकोड्यांच्या स्पर्धा बंगळूरहून चालत आणि मुंबई राज्यातही हजारो लोक पैसे भरून भाग घेत. मुंबई सरकारनं कर लावला. हा आमचा धंदा आहे, घटनेनं दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्यात तो येतो, असं स्पर्धा चालवणाऱ्यांचं म्हणणं होतं. सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांच्या पीठानं एप्रिल १९५७ मध्ये निकाल दिला, की जुगार हा मुळात व्यापारच नव्हे, त्यामुळे व्यापाराला मिळणारं घटनेचं संरक्षण त्याला मिळत नाही. त्याच दिवशीच्या जोडनिकालात न्यायालयानं दुसरी बाजूही स्पष्ट केली: जिथे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असतं, ती स्पर्धा जुगारात मोडत नाही.

हा फरक आपल्या रोजच्या जगातल्या कितीतरी गोष्टींना लागू पडतो. बक्षीस, नशीब आणि त्यासाठी मोजलेला पैसा हे तीन घटक एकत्र आले की लॉटरी होते. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला आणि त्याला थार गाडी मिळाली. ती चितपट केल्याबद्दल मिळाली, चिठ्ठी निघाल्याबद्दल नाही. १९८५ मध्ये मेलबर्नला रवी शास्त्रीला मिळालेली ऑडी अख्ख्या मुंबईला आठवते, तीही स्पर्धेतल्या खेळाची कमाई. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तहसीलदार काढतात, लहान मुलाच्या हातानं चिठ्ठी उचलली जाते. तिथे नशीब आहे, पण कोणी पैसे लावलेले नाहीत. म्हाडाच्या सोडतीत अनामत भरावी लागते, पण नंबर लागला नाही तर ती परत येते आणि लागला तर घराची किंमत मोजावी लागते. तिथे चिठ्ठी फक्त रांग ठरवते.

काही योजना याच्या काठावरच्या वाटतात आणि कार्यकर्ते हमखास तिथेच अडकतात. ‘आम्ही तिकीट विकत नाही, देणगी घेतो आणि देणगीदारांतून भाग्यवान निवडतो’ ही युक्ती जुनी आहे. पावतीवर नंबर छापला आणि त्या नंबरावर गाडी देऊ असं सांगितलं, तर तिला देणगी म्हटल्यानं तिचं रूप बदलत नाही. दुसरी योजना महिन्याच्या हप्त्यांची. वीस महिने दरमहा हजार भरायचे, दर महिन्याला एकाची मोटरसायकल निघते आणि ज्याची निघाली त्यानं पुढचे हप्ते भरायचे नाहीत. ग्रामीण महाराष्ट्रात हिचं आकर्षण फार, कारण ती भिशीसारखी दिसते. पण भिशीत प्रत्येकाला त्याचा पूर्ण पैसा पाळीनं मिळतो, इथे तसं नसतं. १९७८ च्या केंद्रीय कायद्यानं अशा बक्षीस-चिठ्ठी योजनांवर सरळ बंदी घातली आहे. बाजारपेठेतल्या दिवाळी खरेदीवरच्या कुपनांकडेही ग्राहक संरक्षण कायदा संशयानंच पाहतो. विक्री वाढवण्यासाठी काढलेली लॉटरी किंवा नशिबाचा खेळ तो अनुचित व्यापारी प्रथांमध्ये धरतो.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबई उच्च न्यायालयासमोर सर दोराबजी टाटा विरुद्ध एडवर्ड लान्स असा खटला आला होता. त्यातलं तत्त्व पुढच्या अनेक निकालांत उद्धृत झालं आहे. सरकारनं एखाद्या लॉटरीला परवानगी दिली तर ती काढणाऱ्याला शिक्षा होत नाही, पण तो व्यवहार पैजेचाच राहतो, आणि पैजेचा करार करार कायद्याच्या कलम ३० नुसार न्यायालयात वसूल करता येत नाही. बेकायदा लकी ड्रॉमध्ये ज्याचा नंबर लागला त्याची अवस्था मग काय होत असेल? आयोजकांनी गाडी दिली नाही तर तो गाडीसाठी दावा लावू शकत नाही. त्याच्या हातात तिकिटाचा कागदच उरतो.

आणि गाडी मिळालीच तरी पुढे काय, हे फारसं कोणी सांगत नाही. लॉटरीच्या किंवा चिठ्ठीच्या बक्षिसावर ३० टक्के आयकर आहे, त्या करावर चार टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. खर्चाची वजावट नाही, उत्पन्न कमी असल्याची सवलतही नाही. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर हा कर भरला गेल्याची खात्री करूनच आयोजकानं किल्ली द्यायची असते. चाळीस लाखांच्या गाडीवर हा कर होतो १२ लाख ४८ हजार. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल मोटारीला १३ टक्के मोटार वाहन कर पडतो, तो आणखी सव्वापाच लाखांच्या घरात. विमा वेगळा. भात आणि वरीच्या शेतीवर घर चालवणाऱ्या कुटुंबाला बक्षिसाची गाडी दारात आणण्यासाठी सतरा-अठरा लाख उभे करावे लागतील, नाहीतर ती मिळताक्षणी पडेल भावात विकावी लागेल. स्पोर्ट्‌स कार तर जमिनीला टेकून चालणारी, शेणवा-डोळखांब बाजूच्या पावसाळी रस्त्यांवर तिचा तळ घासल्याशिवाय राहायचा नाही.

भेट मिळालेल्या मोटारीवरच्या कराचा प्रश्न सचिन तेंडुलकरलाही चुकला नव्हता. डॉन ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी ३६० मोडेना मिळाली. ती भारतात आणताना आयात शुल्क आलं सुमारे १ कोटी १३ लाख रुपये. सरकारनं ते माफ केल्यावर देशभर वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी फियाट कंपनीनं ते भरलं.

लॉटरीतून लोककल्याण करायचंच असेल तर आपल्याकडे ते फक्त राज्य करू शकतं, आणि करतंही. केरळनं १९६७ मध्ये देशातली पहिली राज्य लॉटरी सुरू केली. तिकीट एक रुपयाचं आणि पहिलं बक्षीस पन्नास हजारांचं होतं. महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ ची. केरळनं २०११ मध्ये अर्थमंत्री के. एम. मणी यांच्या काळात एक पाऊल पुढे टाकलं: ‘कारुण्य’ नावाची लॉटरी काढून तिचा पैसा कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडाच्या आजारांनी ग्रासलेल्या गरीब रुग्णांच्या उपचारांना दिला. ती मदत पुढे तिथल्या आरोग्य सुरक्षा योजनेत सामावली गेली. तिकीट घेणाऱ्याला आपला पैसा कशाला जातो हे नावावरूनच कळतं. तिथे प्रत्येक तिकिटाचा हिशेब सरकारच्या खात्यात होतो, हा मोठा फरक मी मान्य करतो. गरिबाचा खिसा मात्र तिथेही आधी रिकामा होतो. त्यात सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी आहे.

आता तो चांगला रस्ता. तो लिलावाचा आहे, आणि त्याचं सर्वांत ठळक उदाहरण मुंबईच्याच कंपनीचं आहे. २०२० मध्ये महिंद्रानं नवी थार बाजारात आणताना पहिली गाडी, क्रमांक एकची, ऑनलाइन लिलावात ठेवली. पाच हजारांहून अधिक लोकांनी नाव नोंदवलं. बोली थांबली १ कोटी ११ लाखांवर. त्या वेळी थारच्या सर्वांत महागड्या मॉडेलची किंमतही चौदा लाखांच्या आत होती. पैसा नांदी फाउंडेशन, रायगडच्या खेड्यांत काम करणारं स्वदेस फाउंडेशन किंवा पीएम केअर्स यांतल्या विजेत्यानं निवडलेल्या ठिकाणी जायचा होता आणि कंपनीनं आपल्याकडून तेवढीच भर घालायचं जाहीर केलं होतं. हेच १ कोटी ११ लाख पाचशेच्या तिकिटांनी जमवायचे तर २२,२०० तिकिटं विकावी लागली असती. लिलावात ते एका श्रीमंत माणसाच्या हौसेतून आले. ज्यांनी बोली लावली आणि हरले त्यांचा एक पैसाही गेला नाही. सगळा फरक इथेच आहे: सोडतीत हरणारे पैसे देतात, लिलावात जिंकणारा देतो.

पोप फ्रान्सिस यांना २०१७ मध्ये लॅम्बोर्गिनी कंपनीनं पांढरी हुराकान भेट दिली तेव्हा त्यांनी तिच्यावर स्वाक्षरी केली आणि ती लिलावाला पाठवली. मे २०१८ मध्ये मोनाकोत तिला सात लाखांहून अधिक युरो आले. बराचसा पैसा इराकमधल्या निनेवे भागात उद्‌ध्वस्त झालेल्या घरांसाठी होता. आपल्याकडे लालबागच्या राजाला वाहिलेल्या दागिन्यांचा आणि वस्तूंचा दरवर्षी जाहीर लिलाव होतो, दानात आलेली मोटरसायकलही तिथे बोलीवर गेली आहे. गावच्या उत्सवात देवापुढचा नारळ हजारोंना जातो तो याच भावनेनं. बोली बोलणाऱ्याला ठाऊक असतं की नारळ वीस-तीस रुपयांचा आहे, वरचे पैसे गावाला दिलेले आहेत, आणि ते सगळ्यांसमोर दिलेले आहेत.

लिलावही निष्काळजीपणे केला तर फसतो. केरळच्या गुरुवायूर देवस्थानाला डिसेंबर २०२१ मध्ये महिंद्रानं एक थार अर्पण केली. दोनच आठवड्यांत तिचा लिलाव झाला, किमान किंमत होती पंधरा लाख. एकच बोली आली आणि गाडी १५ लाख १० हजारांना गेली. भाविकांनी आक्षेप घेतला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. जून २०२२ मध्ये फेरलिलाव झाला तेव्हा तीच गाडी ४३ लाखांना विकली गेली. सहा महिन्यांत गाडीत काहीच बदल झाला नव्हता, फक्त लिलाव आहे ही बातमी लोकांपर्यंत पोचली होती.

म्हणून शेणवा-किन्हवली भागातल्या एखाद्या संस्थेला कोणी गाडी देऊ केली, स्पोर्ट्‌स कार नसेना का, बोलेरो किंवा जुना ट्रॅक्टर का असेना, तर क्रम असा ठेवावा असं मी सुचवेन. गाडी आधी रीतसर संस्थेच्या नावावर घ्यावी. किमान किंमत बाहेरच्या जाणकाराकडून ठरवून लेखी ठेवावी. लिलावाची सूचना निदान महिनाभर आधी, फक्त गावात नाही तर शहापूर, मुरबाड, कल्याण, ठाण्यापर्यंत जाऊ द्यावी, कारण मोठी बोली बहुधा गावाबाहेर राहणाऱ्या गावकऱ्याची असते. निदान तीन बोलीदार आल्याशिवाय लिलाव करू नये. बोलीची अनामत घ्यावी, हरलेल्यांना ती त्याच दिवशी परत करावी. पैसे बँकेतूनच घ्यावेत. आरटीओत फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी घेणाऱ्याच्या नावावर होईपर्यंत किल्ली देऊ नये, नाहीतर उद्या अपघात झाला तर नोटीस संस्थेच्या अध्यक्षाला येईल.

आणि ज्यांच्याकडे लिलावाला काहीच नाही, त्यांना पावतीपुस्तक आहेच. नोंदणी नसलेल्या मंडळानं वर्गणी काढण्याआधी सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी आणि नंतर हिशेब सादर करावा. संस्थेला आयकराची ८०-जी मान्यता असेल तर जुन्या पद्धतीनं कर भरणाऱ्या देणगीदाराला करात सूट मिळते. दोन हजारांवरची देणगी त्यासाठी रोख चालत नाही, ती चेकनं किंवा यूपीआयनं घ्यावी लागते. लकी ड्रॉच्या तिकिटाला अशी सूट मिळत नाही. ज्या अमेरिकेत सोडती चालतात तिथलं आयकर खातंही तिकिटाचे पैसे दान धरत नाही, कारण त्या बदल्यात घेणाऱ्यानं बक्षिसाची संधी विकत घेतलेली असते.